पोरगं हुशार आहे, पण पेपरात थंड पडतं. हा स्वभाव की बुद्धी?

डबल_यलो:

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं इथं नुसता वाचतोय, लिहायला आज बसलो. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी भुसावळला लोको पायलट आहे, मालगाडीवर. थोरला मुलगा बारावीला, जेईईची तयारी करतोय. धाकटी नववीत. प्रश्न दोघांचाही आहे, पण आधी थोरल्याचं सांगतो.

घरी बसवून गणित दिलं की हे पोरगं काहीही सोडवतं. क्लासचे सर स्वतः म्हणाले, समज बघायची तर बॅचमध्ये पहिल्या पाचात. पण सराव परीक्षेला बसलं की ७५ प्रश्नांतले निम्मे कोरे. मागच्या रविवारचा हिशेब सांगतो. ३८ सोडवले, ३५ बरोबर, ३ चूक. बरोबरला ४, चुकीला उणे १, म्हणजे झाले १३७. जे सोडवतो ते बरोबर असतं हो, त्याबद्दल तक्रारच नाही. पण ३७ प्रश्नांना हातच लावलेला नाही. तीन तास पुरत नाहीत म्हणतो. आणि घरी आल्यावर त्यातलेच प्रश्न चहात बिस्किट बुडवता बुडवता सोडवून दाखवतो, तेव्हा माझं डोकं फिरतं.

धाकटी बरोब्बर उलटी. पेपर हातात पडला की सुटलीच. वेळेच्या अर्धा तास आधी हिचं पेन बंद. मार्क बघायला जावं तर वजाबाकीत हातचा विसरलेला, "यांपैकी कोणते नाही" विचारलंय तिथं "कोणते आहे" ते लिहिलेलं. बोलायला मात्र भारी चलाख, घरातली वकील तीच.

बायको म्हणते हा स्वभाव आहे, एक माझ्यावर गेलाय, एक तिच्यावर. मी म्हणतो स्वभाव वेगळा, डोकं वेगळं. डोकं असेल तर ते पेपरात दिसलंच पाहिजे. असं म्हणून मोकळा झालो, पण मग ड्युटीवर विचार करत बसलो. कारण आमच्या लाइनीत मी स्वतःच उलटं बघितलंय.

माझा असिस्टंट बीएस्सी झालेला आहे, गणितात. तल्लख माणूस. जुन्या डब्ल्यूएजी-७ इंजिनावर मधल्या वाटेत डीजे, म्हणजे इंजिनाचा मुख्य ब्रेकर, ट्रिप झाला आणि परत लागेना, तर ट्रबल शूटिंगचं पुस्तक बॅगेतून निघायच्या आत याच्या डोक्यात फॉल्ट कुठल्या सर्किटला असेल ते आलेलं असतं. मला जिथं वीस मिनिटं लागतील तिथं हा पाचात गाडी हलवून देतो. मी बारावी दुसऱ्या झटक्याला निघालेला, आयटीआयवाला.

पण रात्रीचे तीन वाजलेत, गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या लाइनीवर, उभी आहे, दोन तास झालेत, शेजारून चार एक्स्प्रेस धडधडत गेल्यात, अशा वेळी याचं डोकं घराच्या कर्जावर असतं, क्रिकेटवर असतं, कुठंही असतं. एकदा यानं शेजारच्या लाइनीचा सिग्नल आपला म्हणून पुकारला. हात पुढे करून, मोठ्यानं, "स्टार्टर हिरवा!" (स्टार्टर म्हणजे स्टेशनातून निघायचा सिग्नल.) मी काही बोललो नाही, नुसती मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्यानं परत समोर बघितलं. आपला लालच होता. गाडी हललीच नव्हती, त्यामुळे झालं काहीच नाही. पण एसी नसलेल्या त्या कॅबमध्ये, डिसेंबरात, त्याच्या कपाळावर घाम होता. मला त्या दोन तासांत काही होत नाही. मी बसतो. सिग्नलकडे बघतो. कंटाळा हा प्रकार मला लहानपणापासून फारसा कळलाच नाही.

भरतीच्या वेळी आमची सायको टेस्ट होते. पाच चाचण्या असतात. रचलेल्या विटांचं चित्र देतात, अमुक वीट किती विटांना टेकलीय ते सांगा. गावाचा नकाशा दाखवून काढून घेतात, मग विचारतात पोस्ट ऑफिस कुठं होतं. असं बरंच काही. आताची पोरं कॉम्प्युटरवर देतात, आणि पाचही चाचण्यांत प्रत्येकी ४२ चा स्कोअर लागतो. एकीत शंभर नंबरी असलात तरी ते दुसरीच्या खात्यात जमा होत नाहीत. म्हणजे नुसती हुशारी पुरत नाही हे रेल्वेला कधीच कळलंय.

तर विचारायचं ते असं, की स्वभावानं डोकं कमीजास्त चालतं का? की डोकं तेवढंच राहतं आणि फक्त वेग बदलतो? आणि सतरा वर्षांच्या पोराचा स्वभाव आता बदलता येतो का, का तो नाद सोडू?

कावेरी७१:

डबल यलो भाऊ, सतरा वर्षं एका शाळेत समुपदेशक होते, त्यामुळे तुमची दोन्ही मुलं मला ओळखीची वाटली.

तुमच्या धाकटीसारख्या आणि थोरल्यासारख्या मुलांवर जेरोम केगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात एक चाचणी काढली होती. वर एक चित्र, समजा खुर्ची. खाली तसलीच सहा चित्रं, पाचांत कुठे ना कुठे बारीकसा फरक, एकच तंतोतंत. ती शोधायची. मूल पहिलं उत्तर किती सेकंदांनी देतं आणि किती चुकतं, दोन्ही मोजायचं. काही मुलं चित्र दिसताक्षणी बोट ठेवतात आणि चुकतात. काही एकेक पाय, एकेक दांडी पडताळून बघतात आणि मग बरोबर सांगतात. बुद्धीच्या चाचणीत सारखीच असलेली दोन मुलं इथे वेगळी पडू शकतात. आता गंमत अशी की काही मुलं हळूही असतात आणि चुकतातही. म्हणजे सावकाश आहे म्हणून ते खोल विचार करतंय असंही समजून चालू नका! पण तुमच्या मुलाचे ३८ पैकी ३५ बरोबर आहेत. तो त्यातला नाही.

दुसरं. थॉमस आणि चेस या नवरा-बायकोनं न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि तीच मुलं मोठी होईपर्यंत त्यांच्या मागे राहिले. त्यांना शंभरातली साधारण पंधरा मुलं अशी दिसली की नवीन काहीही समोर आलं की आधी मागे सरतात, अंदाज घेतात, आणि मग हळूहळू रुळतात. रुळली की छान चालतात. अशा मुलाला घाई केली तर ते आणखी मागे सरतं. त्या दोघांचा सगळा भर एका गोष्टीवर होता. स्वभाव चांगला-वाईट नसतो, तो भोवतालाच्या मागणीशी जुळतो की नाही एवढंच बघायचं. तुमचा असिस्टंट फॉल्ट काढताना जुळतो, लूपला उभं राहताना जुळत नाही. तुम्हीच लिहिलंय की हे!

एक करून बघा. पुढची सराव परीक्षा घरी, घड्याळ लावून, निळ्या पेननं. तीन तास झाले की पेन बदलून हिरवं द्या आणि म्हणावं, आता हवा तेवढा वेळ घे. निळं किती आणि हिरवं किती ते मोजा. हिरव्यातही प्रश्न कोरे राहिले तर अभ्यास कच्चा आहे. हिरव्यात सुटले तर अडचण दुसरीकडे आहे. आणि तुम्ही खोलीत थांबू नका.

वैद्यबुवा:

चरकसंहितेतलं विमानस्थान, आठवा अध्याय. कफ प्रकृतीच्या माणसाचं वर्णन करताना चरक म्हणतो "अशीघ्रारम्भक्षोभविकाराः". सुरुवात करायला वेळ लावणारे, चटकन न खवळणारे, चटकन आजारी न पडणारे. वाताच्या माणसाचं वर्णन "श्रुतग्राहिणोऽल्पस्मृतयश्च", म्हणजे ऐकलेलं झटकन उचलतात आणि लक्षात थोडंच राहतं. कावेरीताईंनी न्यूयॉर्कची पंधरा टक्के मुलं सांगितली, ती वाचताना मला "अशीघ्रारम्भ" हाच शब्द आठवला.

आणि बघा, त्याच कफवाल्यांना शेवटी चरकानं "विद्यावन्तः" म्हटलंय. हळू सुरू होणारा तो मठ्ठ, असं समीकरण त्यानं मांडलेलं नाही.

यावर आता कुणी "मग मुलाला कफ कमी करायचं औषध द्या" म्हणेल. देऊ नका. जेईईचा काढा अजून निघालेला नाही. चाळीस वर्षं दवाखाना चालवला, परीक्षेच्या महिन्यात स्मरणशक्तीची बाटली मागायला येणारे आईबाप मोजले असते तर एक संहिता माझीही झाली असती.

शंकासुर:

नेहमीप्रमाणे विरजण घालायला आलो आहे.

स्वभाव आणि मार्क यांचा संबंध आहे, पण तो केवढासा आहे तेही सांगा की. स्वभावाच्या मोजमापात मार्कांशी सगळ्यात जास्त जुळणारी गोष्ट म्हणजे शिस्त, चिकाटी, नेटकेपणा. त्याचा मार्कांशी सहसंबंध ०.२ च्या आसपास येतो. याचा वर्ग केला की चार टक्के. म्हणजे मुलामुलांच्या मार्कांत जो फरक दिसतो त्यातला चार-पाच टक्के भाग इथे बसतो. बाकीचा आधीचा अभ्यास, बुद्धी, घरची परिस्थिती, शिकवणारा, त्या दिवशीचं पोट.

मार्शमॅलोची गोष्ट ऐकली असेलच. चार वर्षांचं मूल गोळी खायची थांबलं तर पुढे आयुष्यात यशस्वी होतं वगैरे. २०१८ मध्ये नऊशेवर मुलांवर ते पुन्हा तपासलं. परिणाम निम्मा निघाला, आणि घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरल्यावर त्यातलाही बराचसा गळाला. ज्या घरात उद्याची गोळी नक्की मिळते त्या घरातलं पोर थांबतं.

आणि तो "थोडा ताण चांगला, जास्त वाईट" असा डोंगरासारखा आलेख, जो प्रत्येक प्रेरणादायी भाषणात भिंतीवर उमटतो, तो १९०८ सालच्या यर्क्स आणि डॉडसन यांच्या उंदरांचा आहे. नाचरे उंदीर, काळी पेटी, पांढरी पेटी, चुकलं की विजेचा झटका. त्यात खरं कामाचं होतं ते कुणी सांगत नाही. दोन पेट्यांतला फरक ढळढळीत असेल तर झटका वाढवला तशी उंदरं लवकर शिकली. फरक ओळखायला अवघड केला तेव्हा मात्र मधल्या किंवा हलक्या झटक्यालाच शिकली, जोराच्या झटक्याला बिघडली. जेईईचा पेपर यातल्या कुठल्या पेटीसारखा आहे ते तुम्ही ठरवा.

मुलाला "तू थंड स्वभावाचा" असं नाव देऊन ठेवू नका एवढंच म्हणणं. एकदा नाव दिलं की तो त्यातच राहायला जातो, भाडंही लागत नाही.

अवांतर: मला तुमचा असिस्टंट जास्त रोचक वाटला. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसलेले लोक काही वेळानं पडद्यावरचे ठिपके चुकवायला लागत. नॉर्मन मॅकवर्थनं १९४८ मध्ये त्यावरचं काम छापलं. एक घड्याळ, काटा एकेक पाऊल टाकतो, क्वचित कधीतरी दुप्पट उडी मारतो. उडी दिसली की बटण दाबायचं. दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांचं लक्ष घसरलं. पुढे स्वभावाचा अभ्यास करणाऱ्या आयसेंक या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणाऱ्यांनी तपासलं तेव्हा बोलकी, बहिर्मुख माणसं असल्या एकसुरी कामात जास्त घसरताना दिसली. तेव्हा तुमच्या असिस्टंटला दोष देऊ नका, त्याला बोलतं ठेवा.

डबल_यलो:

सगळ्यांचे आभार. शंकासुर, टक्के कळले. पण माझ्या घरात नमुने दोनच आहेत आणि दोघांची फी मीच भरतो, तेव्हा चार टक्क्यांवर मला झोप येत नाही.

मॅकवर्थचं वाचून हसू आलं, कारण त्या घड्याळाचं पोर आमच्या इंजिनात बसवलेलं आहे. व्हीसीडी म्हणतात. साठ सेकंद तुम्ही काहीच केलं नाहीत, म्हणजे हॉर्न नाही, थ्रॉटल नाही, ब्रेक नाही, की दिवा लुकलुकायला लागतो. आठ सेकंद. तरी बटण दाबलं नाही तर बझर, आणखी आठ सेकंद. तरी नाही तर मशीन स्वतः ब्रेक लावून गाडी उभी करतं. नवीन पोरांना पहिले काही महिने त्याचा भयंकर त्रास होतो. नंतर असं होतं की डोळे अर्धे मिटलेले असतात आणि हात आपोआप बटण दाबून येतो. म्हणजे मशीनला वाटतं माणूस जागा आहे. जागा कुठला.

आता दोन पेनांचं. रविवारी केलं. कावेरीताई, तुम्ही खोलीत थांबू नका म्हणालात ते मी जरा उशिरानं पाळलं, म्हणजे पहिला तास तिथंच होतो.

निळ्यात ३८. परत ३८च. मग हिरवं दिलं. एक तास वीस मिनिटांत आणखी २७ सोडवले, २३ बरोबर. राहिलेले १० येत नाहीत म्हणाला, ते खरंच येत नव्हते. म्हणजे पोराला येतं. माझाच हिशेब चुकला होता, डोकं असूनही ते पेपरात उतरत नव्हतं.

मग रात्री त्याचे कच्चे कागद घेऊन बसलो. त्याला सांगितलं नाही. पहिल्या चाळीस मिनिटांत फक्त सहा प्रश्न झालेत. सहा! शेवटच्या चाळीस मिनिटांत बारा. आणि प्रत्येक प्रश्नाच्या कडेला उत्तर तीनदा लिहिलेलं आहे. एकदा आलं ते. मग खाली रेघ मारून पुन्हा पहिल्यापासून करून, तेच आलं ते. मग चौकट करून तिसऱ्यांदा. एका ठिकाणी उत्तर ४ आलंय. साधं ४. ते सुद्धा तीनदा, आणि तिसऱ्या चारला दोन चौकटी.

मला तो कागद बघून कसंतरीच झालं. कारण ड्युटीवर हजर झाल्यावर कॉशन ऑर्डर, म्हणजे वाटेत कुठं गाडी हळू न्यायची त्याचा कागद, मी असाच वाचतो. तीनदा. बोट ठेवून. किलोमीटर, किती वेग, कुठपासून कुठपर्यंत. माझ्या कामात ते बरोबर आहे, तिथं कुणी तीन तासांचं घड्याळ लावून बसलेलं नसतं. हे पोरानं माझ्याकडनंच घेतलंय. घरातनं निघताना कुलूप तीनदा ओढून बघतो मी, तेही बघतच मोठा झाला.

बायकोला कागद दाखवला. ती म्हणाली, "आणि त्या पहिल्या तासाला तुम्ही मागं खुर्ची टाकून बसला होता. दर थोड्या वेळानं घसा खाकरत होता. तेवढं इंजिनातलं मशीन घरात नका लावू."

मी घसा खाकरतो हे मला माहीत नव्हतं.

कावेरी७१:

वहिनींना सलाम!

भाऊ, तुम्ही जे पहिल्या चाळीस मिनिटांचं सांगितलंत त्यात दोन गोष्टी मिसळल्या असणार. एक म्हणजे रुळायला लागणारा वेळ, तो स्वभावातला. दुसरी म्हणजे काळजी. गणित करताना आकडे, पायऱ्या, मधली उत्तरं आपण मनात एका छोट्या पाटीवर धरून ठेवतो. काळजी त्याच पाटीवर लिहिली जाते. "बाबा मागे आहेत", "मागच्या वेळी १३७" हेही तिथेच. जागा कमी पडली की पायरी पुसली जाते, मग पुन्हा पहिल्यापासून. तीनदा करण्यातलं एखादं तरी असं असेल. सायन बायलॉक या मानसशास्त्रज्ञ बाईंचं २००५ चं काम आहे. दडपण आणल्यावर जास्त घसरले ते मोठी पाटी असलेलेच. कारण एरवी ते त्या पाटीच्याच जोरावर पुढे असतात. छोटी पाटीवाले आधीपासूनच अंदाजपंचे करत असतात, त्यांचं दडपणानं फारसं बिघडत नाही.

शंकासुर म्हणतात ते नाव न देण्याचं मात्र अगदी खरं.

मिरजकर_काका:

उशिरा आलो, पण या धाग्यावर बुद्धिबळवाल्यानं बोललंच पाहिजे. मी मुलांना शिकवतो, मिरज-सांगली भागात, तीसेक वर्षं झाली.

धाकटीचं आधी. तिच्यासारखी पोरं माझ्याकडे चिक्कार. त्यांना एकच सांगतो, हाताखाली हात घाल आणि त्यावर बस. अक्षरशः. खेळी सुचली की हात सुटला पाहिजे, तेवढ्या वेळात डोळा एकदा पटावर फिरतो आणि मग कळतं की वजीर मरतोय. पूर्वी आणखी एक युक्ती होती. खेळी आधी कागदावर लिही, मग पटाकडे पुन्हा बघ, मग खेळ. अर्धी पोरं लिहिलेलं खोडायची आणि चुकीतून बचावायची. पुढे फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, नियम केला की खेळी आधी लिहायची नाही, खेळून झाल्यावरच लिहायची. माझ्या मते त्या एका नियमानं आमच्या उतावळ्या पोरांचं फार नुकसान केलं, पण आमचं कोण ऐकतं. तिच्या पेपरात मात्र असा नियम नाही. प्रश्नातल्या "नाही" या शब्दाभोवती गोल करायला लावा. गोल करायला हात गुंतला की वाचणं होतं.

आता थोरला. ही पोरं जास्त अवघड, कारण त्यांचं काही चुकत नसतं. पट्ट्याला पहिल्या दहा खेळ्यांना तासभर लागतो, घोडा बाहेर काढायचा हे त्यालाही माहीत असतं, मलाही, समोरच्यालाही. तरी बसतो. मग शेवटी तीन मिनिटं उरतात आणि जिंकलेला डाव जातो. अशा पोराला "लवकर खेळ" म्हणणं म्हणजे तोतऱ्याला "नीट बोल" म्हणणं. मी दोन गोष्टी करतो. डावाच्या आधी दहा मिनिटं सोपी कोडी, एका खेळीत मात, असली. पटावर बसायच्या आत इंजिन तापलेलं पाहिजे, तुम्हाला ते जास्त कळेल. आणि पहिल्या पंधरा खेळ्यांना वेळ बांधून देतो, पुढचा सगळा वेळ त्याचा. पूर्ण डाव घाईनं खेळ असं कधीच म्हणत नाही.

स्वभाव बदलतो का विचारलंत. माझ्या बघण्यात नाही. पण सावकाश पोरगं सावकाशच राहून वेळेत संपवायला शिकतं, हे बघितलंय. आणि कोणता स्वभाव जिंकतो हे ठरवायला जाऊ नये. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला आपली नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीसमोर बसली. १९ वर्षांची पोर, आणि समोर ३८ वर्षांची, जलद बुद्धिबळात दोनदा जगज्जेती झालेली. दोन्ही मोठे डाव बरोबरीत. म्हटलं आता जलद डाव, म्हणजे हम्पीचं घर. पहिला बरोबरीत आणि दुसरा दिव्यानं काढला. मी त्या दिवशी क्लास बंद ठेवला होता. संपल्यावर ती रडली, आईच्या गळ्यात पडून. तोवर दगडासारखी बसलेली पोर. आता तिचा स्वभाव शांत म्हणायचा की हळवा, सांगा बघू.

शंकासुर:

काका, "माझ्या बघण्यात" हा नमुना किती मोठा? (पळतो.)

गंभीरपणे: पहिल्या पंधरा खेळ्यांचं पटलं. म्हणजे स्वभावाला हात न लावता फक्त कामाची मांडणी बदलायची. याला माझी हरकत नाही, कधी नव्हे ते.

डबल_यलो:

तीन आठवड्यांनी लिहितोय, मधे गाड्यांचा फार लोड होता, सलग नाइट लागल्या.

काकांचं दोन्ही केलं. धाकटी प्रश्नपत्रिकेत गोल करते आणि वर डोळे-नाक काढते, त्यामुळे अर्धी प्रश्नपत्रिका माणसांची दिसते. शाळेतून बोलावणं येईल असं वाटतंय. मार्क सात वाढले, पन्नासातले.

थोरल्याला निघायच्या आधी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून दहा सोपी गणितं, आठवीतली. आधी म्हणाला बाबा हे काय पोरखेळ. मी म्हटलं, मी गाडी काढायच्या आधी ब्रेक तपासतो ना, तो काय मला येत नाही म्हणून? मग केली. आणि पेपरात उत्तर एकदाच लिहायचं ठरलं. हे ठरवायलाच दोन दिवस वाद झाला. शेवटी तडजोड अशी, की ज्याच्याबद्दल शंका असेल त्याला टिंब द्यायचं आणि पुढं जायचं. वेळ उरला तर टिंबांकडे परत.

परवाच्या रविवारी ५१ सोडवले. ४० बरोबर, ११ चूक. १४९.

आता तुम्ही म्हणाल वाढले की बारा. वाढले. पण घरी आला तो काळवंडूनच. त्या अकरा चुकांवरच बसलेला. आधी तीन चुकायचे तेव्हा तो समाधानानं जेवायचा, आता बारा मार्क जास्त पडून जेवला नाही नीट. त्याला ते ११ उणे दिसतात, कोरे ३७ कधी टोचलेच नव्हते. रात्री मला म्हणाला, "बाबा, मला न तपासता पुढे गेलं की पोटात खड्डा पडतो. दर वेळी." मी काय सांगणार त्याला. लाल ओलांडून गेल्यासारखं वाटत असेल, मला कळतं ते.

त्या ११ पैकी ९ ला टिंबं होती, हे मात्र मी त्याला दाखवलं. म्हणजे त्याला आतून माहीत होतं कुठं चुकतंय ते. दोनच अशा होत्या की ठाम वाटून चुकल्या. ते बघून जरा सैल झाला. टिंबवाल्यांतले कुठले उत्तर द्यायचे आणि कुठले कोरे ठेवायचे यावर आता तो स्वतःच काहीतरी तक्ता करतोय.

असिस्टंटला शंकासुरचं सांगितलं. आता लूपला उभे असलो की तो मला त्याच्या वेळची गणितं घालतो, मी सिग्नलकडे बघत उत्तरं चुकवतो. पुकारणं चोख चाललंय त्याचं.

काका, एक राहिलंच. ते पोटातल्या खड्ड्याचं तुमच्या पोरांना काय सांगता? खेळी करून बटण दाबलं, आता परत घेता येत नाही, तेव्हाचं. सवड मिळेल तसं लिहा. मला आत्ताच कॉल आलाय, २२.४० ला ड्युटीवर हजर व्हायचंय, इगतपुरीपर्यंत. परत आलो की वाचतो.